दाईमायचा कासोटा

गेल्या आठवड्यात भाचीच्या लग्नाचे कपडे घ्यायला आमच्या वाशीमकडच्या मालेगावच्या बाजारात गेले होते. अशा खरेदीला आमच्याकडे एक म्हातारी सोबत लागतेच, रंगांना नावं ठेवायला आणि दुकानदाराशी हुज्जत घालायला. ती मानाची जागा आता माझ्याकडे आली आहे. पोरींनी गादीवर चमचमत्या कापडांचा ढीग घालून घेतला होता. माझी शेरेबाजी त्यांना फार वेळ सोसली नाही, म्हणून त्यांनी गोडीगुलाबीनं मला मागच्या स्टुलावर नेऊन बसवलं. तिथे सगळ्यात खालच्या फळीवर एक गठ्ठा धूळ खात पडला होता. नऊवारी लुगडी. हिरवी, जांभळी, एखादं विटकरी, काठ अगदी साधे. दुकानदार माझ्या अब्बांच्या वेळचा. म्हणाला, आता कोणी विचारत नाही, डोंगराकडच्या दोन-चार म्हाताऱ्या येतात, त्या गेल्या की हा माल गोधड्यांना द्यायचा. मी सहज एका लुगड्याची घडी उघडली आणि खळीचा तो वास आला, आंबूस, पेजेसारखा, कोऱ्या कापडाच्या घड्यांत मुरलेला. मी टेलरची मुलगी. हा वास मला अब्बांच्या दुकानात घेऊन जायला हवा होता. पण डोळ्यांपुढे आली ती माझ्या जुन्या आरोग्य उपकेंद्राची ओटी, आणि ओटीच्या खांबाला हात लावून उभी असलेली एक बाई. बस म्हटलं तरी न बसणारी.

तिचं नाव मला माहीत होतं, पण वस्तीत कोणी तिला त्या नावानं हाक मारल्याचं आठवत नाही. लहानथोर सगळे तिला दाईमाय म्हणत, आणि पुढे मीही म्हणू लागले. वाशीम रस्ता सोडून आत वळलं की आधी काळी जमीन संपते, मग मुरमाड शेतं लागतात, मग साग आणि पळसाचं विरळ रान, आणि त्या रानाच्या कडेला आंध आदिवासींची ती वस्ती. मातीच्या भिंती, शेणानं सारवलेली अंगणं, प्रत्येक अंगणात मोहफुलं वाळवायला एक स्वच्छ कोपरा. नर्सच्या नोकरीवर मी तिथे रुजू झाले तेव्हा घरात रडारड झाली होती. आमच्या घरातली पहिली शिकलेली मुलगी, आणि तिला सरकारनं रानात धाडलं, हे अम्मीला पटेना. अब्बा मात्र मशीनवरून मान वर न करता म्हणाले होते, माणूस कुठेही गेलं तरी माणूसच असतं, माप नीट घे म्हणजे झालं. मी त्या उपदेशाला तेव्हा हसले होते.

वस्तीनं मला पहिल्याच दिवशी ‘शिस्टर’ करून टाकलं, आणि दाईमायनं पहिल्याच बाळंतपणात मला दारात अडवलं. माझे हात पालथे करून, सुलटे करून पाहिले, नखं पाहिली आणि मगच आत सोडलं. मी आत गेल्यावर तिचा विळा उचलून उकळत्या पाण्यात टाकला. बरोबरी झाली. त्यानंतर कित्येक वर्षं आमचं भांडण असं रंगत राहिलं की वस्तीतल्या बायका बाळंतिणीपेक्षा आम्हाला बघायला जमत. नाळेवर राख लावू नको म्हणून मी तिच्याशी हमरीतुमरीवर यायची, ती माझ्यासमोर मान डोलवायची आणि पाठ फिरली की आपलंच खरं करायची. धनुर्वातानं एक मूल गेलं तेव्हा कुठे तिनं राख सोडली, आणि सोडली ती कायमची. उलट, बाळंतिणीला उताणं पाडून ठेवण्याचा माझा हट्ट तिनं मोडून काढला, तिला उठू दे, फिरू दे, उकिडवं बसू दे, असं म्हणत. आम्ही दोघीही चुकत होतो आणि दोघीही एकमेकींकडून चोरून शिकत होतो. कबूल करायला दोघींचीही तयारी नव्हती.

तिच्या सासूकडून तिला हे काम आलं होतं, सासूला तिच्या सासूकडून. बाळ झालं की वार अंगणात न्हाणीजवळ पुरायची तीही दाईमायच. वस्तीतल्या कोणत्याही अंगणात उभं राहून ती सांगू शके की इथे अमक्याची पुरली आहे, तिथे तमकीची. जुन्या गोष्टी सांगायला बसली, म्हणजे उभी राहिली, की तिचा आवाज बदलायचा. सांगायची, पूर्वी रान मोकळं होतं तेव्हा चारोळी, डिंक, मोह सगळं बायकांच्या हातचं होतं. बाजार बाईच करायची आणि घरात तिचा शब्द चालायचा. नवरा नाही पटला तर दुसरा पाट लावता यायचा, त्यात कोणाला लाज वाटत नसे. मग रानाला कुंपण पडलं, बायका दुसऱ्यांच्या सोयाबीनमध्ये निंदायला जाऊ लागल्या, आणि पुढे दसरा झाला की ऊसतोडीच्या गाड्या वस्तीपर्यंत येऊ लागल्या. पोटुशा पोरी त्या गाड्यांतून जायच्या आणि उन्हाळ्यात परत यायच्या तेव्हा ओळखू येत नसत. दाईमाय अंगठ्यानं त्यांची खालची पापणी ओढून बघायची, मीही तेच करायची. आतला पांढरा रंग पाहून आम्ही एकमेकींकडे बघायचो, आणि त्या दिवशी मात्र भांडायचो नाही.

तर ही बाई लुगडं नेसायची. कासोटा असा घट्ट, असा कसून घातलेला, की पाहणाऱ्यालाच श्वास कोंडल्यासारखं व्हावं. मी वस्तीत आले तेव्हा बऱ्याच जणी लुगड्यात होत्या, हळूहळू एकेक करून सगळ्यांनी गोल पातळं धरली, तरण्याताठ्या पोरी गाऊनवर आल्या. दाईमाय काही हलली नाही. मी तिला चिडवायची, की दाईमाय, तुझी लढाई कोणाशी आहे, अशी कंबर कसून रोज कुठे निघतेस. ती पदर तोंडाला लावून गालातल्या गालात हसायची आणि विषय बदलायची. एका दिवाळीला मी तिच्यासाठी हौसेनं सहावारी पातळ नेलं, मऊसूत, फिकट निळं. तिनं ते छातीशी धरलं, माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. पुढच्या महिन्यात पाहते तर त्याच पातळाची झोळी करून एका घरात तान्हं बाळ झोपवलेलं. मला राग आला. मी तिला म्हटलंही, तुला माझ्या हातचं नेसवत नाही का. ती म्हणाली, लेकराले मऊ लागते वं शिस्टर. मी दोन आठवडे तिच्याशी तुटक बोलले.

मग काळ बदलला. डांबरी रस्ता आला, फोन केला की गाडी येऊ लागली, आणि बाळंतपणं दवाखान्यात होऊ लागली. हे व्हायलाच हवं होतं आणि ते व्हावं म्हणून मीच घरोघर फिरले. पहिली काही वर्षं दाईमाय गाडीत बाळंतिणीचा हात धरून सोबत जायची आणि बाळंतपणाच्या खोलीचं दार बंद झालं की भिंतीला टेकून उभी राहायची. तिनं कधी कुरकुर केली नाही. आपल्या हातून गेलेल्या पोरी तिला तोंडपाठ होत्या, त्यामुळे दवाखान्याचं मोल तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. तिच्याकडे आता दोनच गोष्टी उरल्या, बाळ-बाळंतिणीचं तेलपाणी आणि पाचवी.

पाचव्या दिवशी दिवेलागणीला घरातला पाटा धुऊन भिंतीशी मांडायचा, हळदकुंकू वाहायचं, ज्वारीची लहानशी रास घालायची, त्यात सुईदोरा खोवायचा, शेजारी कोरा कागद ठेवायचा. मग सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी त्याचं नशीब लिहून जाते. हे आपल्याकडे सगळीकडेच आहे. पण त्या वस्तीत पाट्यापुढे दाईमाय आणि सोबतीला घरातली एखादी बाई बसे, आणि बसणारी भरल्या कुशीची लागे, म्हणजे लेकुरवाळी आणि गर्भाची पिशवी शाबूत असलेली. दाईमायच्या सासूनं घालून दिलेला तो नेम होता आणि दाईमाय तो कडक पाळायची. विहिरीजवळच्या घरातली एक सून होती, हसरी, कामाला वाघीण. दोन लेकरं झाल्यावर ऊसतोडीला गेली, तिथे पोट दुखायला लागलं म्हणून कोण्या खासगी दवाखान्यात दाखवलं, आणि पिशवी सडली आहे असं सांगून त्यांनी ती काढून टाकली. तिशीही गाठली नव्हती तिनं. परत आल्यावर जावेच्या लेकराच्या पाचवीला ती नेहमीच्या सवयीनं पाट्यापुढे बसली, आणि दाईमाय सगळ्यांदेखत तिला म्हणाली, तू ऊठ. ती उठली. हातातलं कुंकू पदराला पुसलं आणि घरी गेली. त्यानंतर ती कोणाच्याच पाचवीला दिसली नाही. मी दाईमायला खूप बोलले. तिनं ऐकून घेतलं आणि शांतपणे सांगितलं की देवीचा नेम आहे, त्यात तुझं-माझं चालत नाही.

बऱ्याच वर्षांनी, चैत्रातल्या एका दुपारी, दाईमाय माझ्या ओटीवर आली. नेहमीसारखा खांब धरला, पण या वेळी दोन्ही हातांनी. तोंड काळवंडलेलं, ओठ सुकलेले. मी विचारायच्या आत म्हणाली, “शिस्टर, दार लाव.”

मी दार लावलं. तिनं भिंतीकडे तोंड करून कासोटा सोडला. लुगड्याचे वेढे एकेक करत खाली आले, आत जुन्या कापडाची घट्ट वळलेली घडी होती, कित्येकदा धुऊन पातळ झालेली, आणि शेवटी तिनं तीही काढली. तिचं अंग, म्हणजे गर्भाची पिशवी, पुरतं बाहेर आलेलं होतं. घासून घासून त्यावर जखमा झाल्या होत्या, आणि कालपासून लघवी अडली होती. तो कासोटा, ज्याची मी वर्षानुवर्षं टिंगल केली, तो तिचं शरीर आत धरून ठेवत होता. म्हणून ती लुगडं सोडत नव्हती. म्हणून ती कामापुरतं सोडलं तर कधी बसत नव्हती.

आधी नळी घालून लघवी मोकळी केली. मग हात धुऊन तिच्याजवळ बसले आणि विचारलं, कधीपासून. म्हणाली, “धाकट्याच्या वक्ताले. तिसऱ्या दिशी ज्वारी सोंगाले गेलती.” तो धाकटा आता दोन शाळकरी मुलींचा बाप होता. मला रडू आवरेना आणि रागही. मले कायले नाई सांगितलं, असं मी तिच्याच बोलीत ओरडले. तिनं माझ्याकडे जरा नवलानं पाहिलं.

“ज्याले असं सांगाचं असते ते माह्याकडंच येते, शिस्टर. मी कोनाकडं जाऊ?”

वस्तीतल्या प्रत्येक बाईचं अंग तिनं पाहिलं होतं, चोळलं होतं, सावरलं होतं. तिच्या अंगाकडे मात्र कोणी पाहिलं नव्हतं, कारण सगळ्यांना सांभाळणाऱ्या बाईला काही होत असेल हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. माझ्याही आलं नाही, आणि माझी तर त्यावरच रोजीरोटी होती.

दुसऱ्याच दिवशी मी तिला वाशीमच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथली डॉक्टरीणबाई तरुण होती, पण हात हळुवार. तिनं तपासलं आणि सांगितलं की पिशवी काढून आतून टाके घालावे लागतील. हे असंच चालू ठेवलं तर मूत्रपिंडं जातील, मग काही करता येणार नाही. दाईमायनं सगळं ऐकलं आणि उठून लुगडं नेसायला लागली. परतीच्या एसटीत खिडकीबाहेर बघत होती. मालेगाव जवळ आलं तेव्हा म्हणाली की पिशवी नाही काढायची. वेदनेची तिला भीती नव्हती, मरणाची तर नव्हतीच. तिला एवढंच कळत होतं की पिशवी गेली की पाटाही गेला. बाळंतपणं गेली तेव्हा ती काही बोलली नाही, पण पाचवी गेल्यावर तिच्या हाती काय उरणार होतं? आजही वस्तीत लेकरू जन्मलं की कोणीतरी तिला बोलवायला येई, आणि त्या बोलावण्यावर ती जगत होती.

मी वकिली केली. नेम कोणी केला, तर सासूनं. चालवला कोणी, तर तू. मग तूच मोड. तिनं मान हलवली.

“आता कसा मोडू? दुसऱ्याच्या सुनेले उठवलं, आन् सोतावर आलं तं नेम मोडला, असं म्हनतीन लोक. आन् खरंच म्हनतीन.”

मी तिच्यावर रागावले, तिच्या सासूला, देवीला, ऊसतोडीला, सगळ्यांना बोलले, पण मनातल्या मनात मला तिचा अभिमान वाटत होता हे आज लिहायला हरकत नाही.

महिनाभर तिनं तसाच काढला. लघवी दोनदा अडली. एका घरी बाळाला तेल लावायला ती पायांवर घेऊन बसली आणि तिला उठताच येईना, दोघींनी धरून उठवावं लागलं. त्यानंतर एके सकाळी ती स्वतःच वस्तीत घरोघर गेली. मी औषधं वाटत मागून येत होते, मला ऐकू येत होतं. प्रत्येक दारात ती एकच सांगत होती, की माझं अंग येतं, वाशीमला पिशवी काढायला चालले, आता पाचवीला मला बोलावू नका, दुसरी बाई बघा. एवढी वर्षं जे तिनं कापडात घट्ट बांधून ठेवलं होतं ते असं भर उन्हात, अंगणाअंगणात उभं राहून सांगितलं. कोणी तिच्या पाया पडलं, कोणी आत निघून गेलं. आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्या ओटीवर एकेक जण येऊ लागली. मधल्या आळीतली, माळावरची, एक तर माझ्याच वयाची जिच्याशी मी रोज बोलायची. येऊन खांबाला हात लावायच्या आणि म्हणायच्या, शिस्टर, दार लाव. त्या उन्हाळ्यात माझ्या खोलीचं दार बंदच जास्त राहिलं.

ऑपरेशन नीट झालं. रक्त कमी होतं म्हणून ते द्यावं लागलं, तेव्हा वस्तीतले तिच्याच हातावर जन्मलेले पोट्टे मोटरसायकलींवर वाशीमला गेले. अनसिंगला दिलेली तिची लेक सोबत राहिली. ऑपरेशनच्या आधी तिनं डॉक्टरीणबाईला हळूच विचारलं होतं, जे काढाल ते मला द्याल का, अंगणात पुरीन. डॉक्टरीणबाईनं समजावलं की ते तपासणीला जातं, देता येत नाही. दाईमाय बरं म्हणाली आणि डोळे मिटले. दवाखान्यातला हिरवा झगा तिला फार मोठा होत होता. लुगड्यावाचून मी तिला पहिल्यांदाच पाहत होते, आणि ती एवढीशी दिसत होती की मला बाहेर व्हरांड्यात जावं लागलं.

पावसाळा सरला. ज्वारीचं पीक तर तिथे केव्हाच गेलं होतं, सोयाबीन काढणीला आलं. विहिरीजवळच्या त्या सुनेची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मालेगावच्या सरकारी दवाखान्यात बाळंत झाली, मुलगी झाली, तिसऱ्या दिवशी घरी आली. पाचव्या दिवशी मी बाळाचं वजन करायला गेले तेव्हा घर बायकांनी भरलं होतं, पाटा धुऊन ठेवला होता आणि सगळ्या खोळंबल्या होत्या. पाट्यापुढे कोणी बसेना. दाईमायनं नाही म्हटल्यापासून तिची जागा घ्यायला कोणी धजत नव्हती, आणि ज्या घरात हे चाललं होतं त्या घरच्या आजीला, त्या सुनेला, स्वतःच्या नातीचा पाटा मांडायची बंदी होती. ती थोडा वेळ चुलीपुढे बसली. मग उठली, पदर खोचला आणि बाहेर पडली. कुठे चालली हे सगळ्यांना कळलं. मी काटा तिथेच टाकून मागे गेले.

दाईमाय अंगणात बाजेवर बसून तूर निवडत होती. बसून, हे मी मुद्दाम लिहिते. समोर त्या सुनेला पाहून तिचे हात थांबले.

“माय, चाल. पाटा मांडाचा हाये.”

“म्या सांगितलं ना, मी नाई बसत.”

“मंग कोन बसन? मी नाई बसत, तू नाई बसत. पोट्टीच्या लेकराचं कपाळ कोरं ठेवाचं का?”

तिच्या आवाजात राग नव्हता. दाईमायनं सूप खाली ठेवलं. मला वाटलं, आता सासूचं नाव निघेल, देवीचं निघेल. तिनं फक्त हात पुढे केला, आणि ज्या बाईला तिनं एकदा उठवलं होतं त्याच बाईनं तिला हाताला धरून बाजेवरून उठवलं. दोघी विहिरीवरून चालत आल्या. दारात बायकांनी वाट करून दिली. आत आल्यावर दाईमाय सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “त्या दिशी हिले उठवलं, ते चुकलं माह्यं.” मग तिला दोन्ही खांद्यांना धरून पाट्यापुढे बसवलं आणि स्वतः शेजारी मांडी घालून बसली. “तू मांड. मी पाह्यतो.” त्या सुनेनं कुंकू उचललं तेव्हा अर्धं ज्वारीच्या राशीत सांडलं. बाळंतीण पडल्या पडल्या रडत होती.

मी नेहमीप्रमाणे उंबऱ्याबाहेर उभी होते, औषधांची झोळी खांद्याला. पाचवीला मी कधीच आत गेले नव्हते. कामाचं निमित्त असायचं, आमचा धर्म वेगळा म्हणून मीच भीड धरायची, आणि खरं सांगायचं तर तिसरंही कारण होतं. मला मूल नाही. लग्नानंतरची चार-पाच वर्षं वाट पाहिली, उपाय केले, मग त्या घरातून परत आले आणि ही नोकरी धरली. हे मी वस्तीत कोणाला सांगितलं नव्हतं, आणि भरल्या कुशीचा नेम ऐकल्यावर तर सांगायचा प्रश्नच नव्हता. दाईमायनं मला त्याबद्दल कधी विचारलं नव्हतं, मीही बोलले नव्हते. त्या संध्याकाळी पाटा मांडून झाला, दिवा लावला, आणि तिनं मान वळवून दाराकडे पाहिलं.

“शिस्टर, तू काहून उभी? ये, बस. जागा हाये.”

एवढंच. तिला सगळं ठाऊक होतं, पहिल्या दिवसापासून ठाऊक असणार. माझे हात पालथे-सुलटे करून पाहणारी बाई ती. मी चपला काढल्या, आत गेले आणि त्या दोघींच्या मधोमध बसले. कोणीतरी माझ्या कपाळाला कुंकू लावू की नको म्हणून घुटमळली, तेव्हा दाईमायनं माझ्या हातात ज्वारीचे चार दाणे ठेवले आणि म्हणाली, राशीवर टाक. मी टाकले.

पुढे माझी बदली धनजकडे झाली. दाईमाय गेल्याचं मला उशिरा कळलं, थंडीत गेली, झोपेत गेली. मी पोचले तेव्हा दिवस होऊन गेले होते. आता मी निवृत्त आहे, गुडघे बोलतात, घरात माणसं भरपूर आहेत आणि सगळी आपापल्या घाईत. जुने दिवस परत यावेत असं मला मुळीच वाटत नाही, त्या दिवसांत मी फार पोरी मरताना पाहिल्या आहेत. मला फक्त ती हवी आहे. तिच्याशी भांडायचं आहे, एवढी वर्षं का सोसलंस म्हणून. वस्तीत आता नवी नर्स आहे, चुणचुणीत मुलगी, कधीमधी फोन करते. मागच्या खेपेला सांगत होती की इथे पाचवीचा एक नेम आहे, मॅडम, तुमच्याकडे कुठे पाहिलात का? पाटा मांडून झाला की घरातली मोठी बाई दारापर्यंत येते आणि बाहेर कोणी उभं राहिलेलं आहे का ते बघते. असेल तर हाताला धरून आत नेते, मगच दिवा लावतात. मुलगी विचारत होती, हा नेम कोणाचा आणि कधीपासूनचा? मी म्हटलं, जुना असेल.